दाखवलेलं घर

"पत्र्याच्या जिन्याचीसुद्धा घरपट्टी भरायची का मी?" शिवणवालीनं टेबलावर थाप मारली.

पालिकेच्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. सकाळपासून टेबलावर थाप मारणारी ती काही पहिली नव्हती.

तिच्या पुढच्या खोलीत दोन मशीन होती, त्यांच्यावर घर चालायचं. यंदा घरपट्टी दुप्पट झाली. भरायची तर पुढची खोली भाड्यानं द्यावी लागणार, आणि खोली दिली तर मशीन काय डोक्यावर ठेवायची? हे सगळं तिनं एका दमात ऐकवलं. घराला रंग दिला म्हणून घर मोठं होत नाही, आणि मोजायला आलेला तुमचा माणूस फाटकातूनच परत गेला, हेही ऐकवलं.

साहेब शांतपणे म्हणाले, रागावून उपयोग नाही. तुमच्याएवढंच पण कमी पट्टीचं एखादं घर दाखवा.

ती याचीच वाट बघत होती. ही युक्ती तिला घड्याळकाकांनी सांगितली होती. शेजारी राहून घड्याळं दुरुस्त करणारे, सगळ्या गल्लीचे काका. मागच्या सुनावणीत त्यांनी असंच एक घर दाखवलं आणि त्यांची पट्टी उतरली. आज तर ते दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर आले होते आणि बाहेर बाकावर तिची पिशवी सांभाळत बसले होते. त्यांच्या शेजारी तिची थोरली जाऊ. धाकटीला एकटीला कशाला पाठवायचं, म्हणून दुखरे गुडघे घेऊन आलेली.

"आमच्याच घराचा दुसरा भाग बघा," ती म्हणाली. "माझ्या थोरल्या जावेचा. मधे फक्त एक भिंत. खोल्या तेवढ्याच, अंगण तेवढंच. तिची पट्टी जुनी आणि माझीच दुप्पट, हा कुठला न्याय?"

साहेबांनी लिहून घेतलं. "बरोबर आहे तुमचं. तुमची वाढ काढतो आणि त्यांच्यावर टाकतो."

"त्यांच्यावर का?"

"गल्लीचा एकूण आकडा वरून ठरून येतो, मॅडम. एकाचं काढलं की दुसऱ्यावर टाकावंच लागतं. जे घर दाखवाल, त्याच्यावर. तुमच्यावर तरी कशी आली? मागच्या सुनावणीत कुणीतरी तुमचं दाखवलं म्हणूनच ना?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी दाखवलं, हे तिनं विचारलं नाही. विचारायचं होतं काय त्यात? जावेचं नाव खोडा, एवढंच ती म्हणाली. साहेब म्हणाले, खोडतो की, मग तुमची वाढ कायम. आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

थोरलीला नवऱ्यामागची तुटपुंजी पेन्शन, दुसरं काही नाही. हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण पुढची खोली गेली की मशीन गेली, मग आपल्याकडे तरी काय उरणार? तिनं मनातल्या मनात साहेबांना शिव्या घातल्या, वरून आकडा पाठवणाऱ्यांना घातल्या. मग स्वतःला घातल्या आणि सही केली.

ती बाहेर येताच काका पिशवी घेऊन उठले. झालं ना काम, म्हणाले.

तिनं पिशवी हिसकावून घेतली. "माझं घर दाखवताना जीभ कशी झडली नाही तुमची?"

काकांनी मान खाली घातली. "कुणाचं तरी दाखवावंच लागतं," ते पुटपुटले. "म्हटलं, तुम्ही निदान कमावत्या आहात."

दुकान बंद ठेवून ते का आले, हे तिला आत्ता कळलं. त्यांना सोलून काढावं, इतकं तिच्या तोंडात आलं होतं. पण बाकावरून थोरली बघत होती, आणि काकांना बोलेल तो प्रत्येक शब्द फिरून स्वतःलाच लागणार होता. ती थोरलीकडे वळली. आवाज तसाच रागाचा राहिला, दुसरा काढायला तिला जमेना.

"ताई, मी तुमचं घर दाखवलं. माझी वाढ आता तुमच्यावर."

 थोरली गुडघ्यांवर हात टेकून उठली. बाकावर गल्लीतली आणखी माणसं आपापल्या पाळीची वाट बघत बसली होती. थोरलीनं त्यांच्या तोंडांवरून एकदा नजर फिरवली.

"मग मी कुणाचं दाखवू गं?"