नेच्यांतल्या दोन वाटा

झाडाची जखम सहा फूट उंच आणि पावणेपाच फूट रुंद होती. रेंजर मार्लानं टेप गुंडाळली आणि ऑरिन हॅल्व्हर्सनला पुढे यायला जागा करून दिली. म्हातारा काठी टेकत आला. एकतीस वर्षं त्यानं याच डोंगरांवर रेडवूडची झाडं पाडली होती. उजव्या पायावर ओंडका आला तेव्हा ते थांबलं. करवतीचा कट पाहून माणूस सांगू शकेल असा गावात आता तोच उरला होता.

बुंध्याला मोठी गाठ होती. चोरानं तिचा अर्धा भाग कापून नेला होता. असल्या लाकडाची नक्षी टेबलांसाठी हवी असते. चोरी कळली ती पर्यटकांमुळे. एका कुटुंबानं दोन मुलींना त्या खोबणीत बसवून फोटो काढला आणि जाताना चौकीवर सांगितलं, बसायची सोय फार छान केली आहे.

"या भागातली तोड बंद केलीत तेव्हा मला विचारायला कुणी आलं नव्हतं," ऑरिन म्हणाला. "आता चोर हवाय, तर ऑरिनकाका."

"काका, तेव्हा मी दुसरीत होते."

"माहितीये. आमच्या लायलच्या शेजारी बसायचीस."

लायल काय करतो, असं मार्लानं विचारलं. मिळेल ते, असं ऑरिननं सांगितलं आणि कापलेल्या लाकडावरून अंगठा फिरवला. करवतीचे दात हातानं घासलेले. धार ताजी. काम एकट्याचं, घाई न करता केलेलं. मार्ला लिहून घेत होती.

मग तिनं त्याला झाडाच्या मागच्या बाजूला नेलं. तिथं कमरेएवढ्या नेच्यांतून दोन अरुंद वाटा कापलेल्या होत्या, एक डावीकडे तिरकी, एक उजवीकडे. प्रत्येकी बारा पावलं. त्यांच्या टोकाला काहीच नव्हतं. लाकूड तर समोरून ओढत नेलं होतं, त्याच्या खुणा ओल्या मातीत स्पष्ट होत्या. काहीतरी पुरलं असेल म्हणून तिनं दोन्ही टोकांना खणून पाहिलं होतं.

ऑरिननं काठीनं वाटेची कड चाचपली. मग म्हणाला, झाड पाडणारा करवत सुरू करायच्या आधी मागे हटायला वाट साफ करतो. झाड कलंडायला लागलं की करवत टाकायची आणि तिरकं पळायचं. पाय अडकला तर संपलं.

"पण इथं झाड पाडायचंच नव्हतं."

"हाताला सवय असते."

"आणि सगळे अशा दोन करतात?"

सगळे एकच करतात. ऑरिनही एकच करायचा. त्या दिवशी ओंडका नेमका त्याच बाजूनं आला. दवाखान्यातून घरी परतल्यावर त्यानं मुलाला, तोवर त्याच्याएवढा उंच झालेल्या लायलला, परसात नेलं आणि दोन वाटा साफ करायला शिकवलं. दोन झाल्याशिवाय करवतीला हात लावू दिला नाही.

"कुणी कुणी करतात," तो म्हणाला.

मार्लानं वहीचं पान उलटलं. उरलेल्या अर्ध्या गाठीसाठी चोर परत येणार, असं तिनं सांगितलं. कॅमेरा लावायचा होता, पण मागच्या महिन्यात दुसऱ्या झाडापाशी लावला होता त्यात नुसती पाठ आली होती, आणि वळला तेव्हा तोंडावर हेल्मेटची जाळी.

ऑरिन बुंध्याला वळसा घालून पलीकडे गेला. तिकडे जुन्या वणव्यानं झाड आतून खाल्लं होतं; त्या पोकळीत चार माणसं उभी राहिली असती. त्यानं काठीनं ठोकलं. मग इकडे येऊन गाठीच्या बाजूनं ठोकलं. पुन्हा तिकडे.

"हे कशावर उभंय, पाहिलंस का? या एका बाजूवर. त्यातली अर्धी गेली."

"उरलेली काढली तर?"

"पडेल."

खालच्या पायवाटेवरून पर्यटकांचं हसणं ऐकू आलं. कुणीतरी मुलांना झाडाभोवती हात धरून उभं करत होतं, हात पुरत नव्हते.

"बारा पावलांत सुटेल का तो?" मार्लानं विचारलं.

ऑरिननं वर पाहिलं. शेंडा धुक्यात होता. "तीनशे फुटांचं झाड आहे, पोरी."

तो डाव्या वाटेनं चालू लागला. कापलेले नेचे एका बाजूला, देठ बाहेरच्या अंगाला करून नीट रचलेले होते. एक घसरून वाटेवर आला होता. त्यानं तो काठीनं उचलून परत ढिगावर ठेवला. बाराव्या पावलाला वाट संपत होती. समोर एक कोवळं झाड होतं.

"कॅमेरा याला लाव," तो म्हणाला. "आधी ही वाट पुन्हा साफ करेल, मग ती. जाळी त्यानंतर चढवतो. इथं पोचला की पाठ सरळ करायला उभा राहील."

मार्लाच्या हातात वही उघडी होती. ती लिहीत नव्हती.

"किती उंचीवर लावू, काका?"

ऑरिन खोडासमोर उभा राहिला. काठी बगलेत धरून त्यानं पाठ होईल तेवढी ताठ केली आणि तळहात डोळ्यांच्या रेषेत सालीवर टेकवला. मग दुखऱ्या, आखूड झालेल्या पायाकडे पाहिलं, आणि तळहात दोन बोटं वर सरकवला.