‘कै.’ गाळून वाचावे

म्हसवडच्या स्टँडवर एसटीतून उतरताना राजरत्न सरांनी पिशवी छातीशी धरली होती. पिशवीत त्यांचं नवं पुस्तक होतं, आणि त्या पुस्तकात त्यांनी एका जिवंत माणसाला मारून टाकलं होतं.

पुस्तक बालसाहित्यिकांवर होतं. सातारा-सांगलीकडचे, ज्यांची नावंही पुण्या-मुंबईच्या समीक्षकांना ठाऊक नाहीत, असे लेखक सरांनी सांगलीच्या कॉलेजात शिकवता शिकवता शोधून काढले होते. मुलांसाठी लिहिणाऱ्याला आपल्याकडे कोणी लेखक समजत नाही, त्याचा फोटो छापत नाही, तो गेला तरी पेपरात चार ओळी येत नाहीत, असं त्यांनी प्रस्तावनेत मोठ्या तळमळीने लिहिलं होतं. आणि नाथाजी पिसे यांच्यावरचं प्रकरण ‘कै.’ने सुरू केलं होतं.

नाथाजी गेल्याचं त्यांना ग्रंथालयात कोणीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. म्हसवडला जाऊन एकदा चौकशी करावी असं मनात आलंही होतं. पण परीक्षा आल्या, पेपर तपासायचे आले, राहून गेलं.

मग साताऱ्याला प्रकाशन झालं. चहाच्या वेळी लालासाहेब नावाचे एक शिक्षक पुस्तक चाळत जवळ आले. त्यांची नुकतीच म्हसवडला बदली झाली होती.

“गोष्टीवाले गुरुजी तर ठणठणीत आहेत की, सर,” ते म्हणाले. “परवाच देवळामागं पोरांना बकरीची गोष्ट सांगत होते.”

बकरीची गोष्ट नाथाजींचीच. सरांच्या हातातला चहा तसाच निवला.

जे सोपं होतं ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी केलं. शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या: ‘श्री. नाथाजी पिसे हयात आहेत. वाचकांनी “कै.” गाळून वाचावे.’ विद्यार्थ्यांना खळीचं भांडं देऊन बसवलं आणि झाडून सगळ्या प्रतींत त्या चिकटवून घेतल्या. जे अवघड होतं, म्हणजे त्या माणसासमोर जाऊन माफी मागणं, ते उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत ढकललं.

सिद्धनाथाच्या देवळामागच्या गल्लीत घर लगेच सापडलं. ओट्यावर पोरांचा घोळका होता आणि मधोमध एक म्हातारा, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. सरांनी नुसतं “गुरुजी?” म्हटलं. “व्हय, या की, बसा,” म्हाताऱ्याने जागा करून दिली. नाव विचारायचं सरांच्या जिवावर आलं. ज्याच्या नावाआधी आपण ‘कै.’ लावलं, त्याला कोणत्या तोंडाने नाव विचारायचं?

गोष्ट ऐन रंगात आली होती. पांढरी बकरी बाजारातून पळाली होती. एका पोरीने तोंड वाकडं केलं.

“काल तर काळी हुती.”

“काल धुतली न्हवती,” म्हातारा म्हणाला, आणि पोरं लोळायला लागली.

सर मात्र खाली बघत राहिले. गोष्ट पानावर मरते आणि मुलांच्या प्रश्नांत पुन्हा उठून बसते, असं त्यांनी पुस्तकात लिहिलं होतं. त्यातलं ‘मरते’ आता त्यांना सोसवेना.

पोरं पांगली. सुनेने चहा आणून ठेवला. बकरीची गोष्ट कशी सुचली, असं सरांनी विचारलं.

“मला कुटली सुचतीया,” म्हातारा हसला. “आपलं सांगायचं काम.”

खरा निर्माता श्रेय स्वतःकडे घेत नाही, हे दुसऱ्या आवृत्तीत घालायचं, असं सरांनी मनाशी ठरवलं. मग धीर करून म्हणाले की आपण एक पुस्तक लिहिलं आहे आणि त्यात नाथाजी पिसे यांच्यावर एक प्रकरण आहे. ‘तुमच्यावर’ म्हणायला जीभ रेटली नाही.

म्हातारा सावरून बसला. “छापलंय? मग वाचा की. माझ्या डोळ्याचं आप्रेशन झालंय, न्हाईतर मीच वाचलं असतं.”

माफीचे शब्द सर एसटीत पाठ करत आले होते. ते बाजूलाच राहिले. त्यांनी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. जिथे जिथे ‘कै.’ आलं, तिथे ते गिळलं. ‘होते’चं ‘आहेत’ केलं, ‘सांगत’चं ‘सांगतात’ केलं. नाथाजी शाळा सुटल्यावर पोरांना पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडून देत, ती ओळ आली आणि म्हाताऱ्याने उपरण्याने चांगला डोळा टिपला. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या भल्या माणसाला आपण जिवंतपणीच पोचवलं.

शेवटच्या परिच्छेदात नाथाजींचं निधन होतं. त्यावर नजर पडताच सरांनी पुस्तकावरची मान वर केली आणि न अडखळता, मनचंच म्हटलं, “आजही नाथाजी म्हसवडच्या देवळामागे मुलांना गोष्टी सांगतात, आणि मुलं ऐकत राहतात.”

पुस्तक मिटलं. म्हाताऱ्याने चाचपडत सरांचा हात हातात घेतला.

“समदं ब्येस लिवलंयसा, सायेब. वाटलं, समोरच बसलाय. पर त्यो शेवट तेवढा खोडा. आमचा दादा जाऊन लय वर्सं झाली.”