न हललेला हात

२०५१ सालापर्यंत कुणाला बंदुकीची कोणती गोळी द्यायची, हे साहेब ठरवत. त्या वर्षी देवळसांगवी ठाण्यात नाडी पाहणारं यंत्र आलं. शांत हाताला मोठी गोळी, थरथरत्या हाताला लहान. शिपाई कुसुम लोंढेला रोज लहानच मिळे.

"लोंढेबाई, आजपण लवंगीच का?" हवालदार खताळ हसत.

एकदा बाजारात खताळांनी चोरावर गोळी झाडली. ती त्याचा खांदा भेदून मागच्या बांगडीवाल्या हसीनाबींना लागली. चोर वाचला, त्या जागीच गेल्या.

दुसऱ्या सकाळी खताळांनी यंत्रावर हात ठेवला. आज तरी लहान गोळी येऊ दे, म्हणून कुसुम श्वास रोखून उभी होती. मोठीच आली.

"बघा, जरासुद्धा हलला नाही," खताळ म्हणाले.

कुसुमनं त्याच दिवशी नोकरी सोडली. खताळ फौजदार होऊन निवृत्त झाले. यंत्र पुढे जिल्हाभर बसवलं.