आडवी नेलेली उंची

भावाच्या भाजीच्या टेम्पोत शालननं लेकीला, प्रणिताला, गोधडीवर सरळ आडवं निजवलं होतं आणि प्रत्येक खड्ड्याला पुढं गाडी चालवणाऱ्या भावावर ओरडत होती, "अरे हळू, पोरगी आखडंल!"

पोलीस भरतीसाठी प्रणिता वर्षभर पळाली, झाडाला लोंबकळली, पण विशीत उंची काही वाढेना. मैदानावरच्या सरांनी मग खरं सांगून टाकलं. पळण्यानं उंची वाढत नाही. उलट दिवसभर उभं राहून, पळून माणूस कणभर दबतो आणि रात्रभर झोपला की पुन्हा मोकळा होतो. प्रणिताला तेवढा कणच कमी पडत होता. म्हणून आज तिला उठवायचं ते थेट मोजमापाच्या फाटकापाशी.

"आई, लोक हसतील गं."

"हसू देत. वर्दी चढली की सलाम ठोकतील."

फाटकाच्या जाळीला धरून शालन बघत राहिली. आत उंची मोजणाऱ्या मॅडम प्रणितावर खेकसल्या, "टाचा टेकव!" पट्टी डोक्यावर उतरली. मॅडमनी वाकून आकडा पाहिला. "भरली. चल, पुढची!"

शालनच्या शेजारी उभा भाऊ हळूच म्हणाला, "ताई, आता तू पण टेकव की टाचा. मघापासून चवड्यांवर उभी आहेस."