अ‍ॅडमिनचं नाव

दवाखान्याच्या कॉम्प्युटरने तिसऱ्यांदा अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला, आणि मर्लीनने पडद्यावरच्या त्या नावावर घाईघाईने चिकटपट्टीचा तुकडा डकवला.

मागे खाटेवर डोरीनमावशी छातीवर मूठ दाबून पडली होती. तिचा कार्डिओग्राम काढून झाला होता, पण नवं अपडेट टाकल्याशिवाय तो अ‍ॅलिस शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे जायला तयार नव्हता. त्यांनी तो पाहिल्याशिवाय पेशंटला न्यायचं विमान तिथून निघणार नव्हतं. इथल्या मातीच्या धावपट्टीला दिवे नाहीत, त्यामुळे जे काही उतरायचं ते अंधार पडायच्या आत. चार वाजून गेले होते.

अ‍ॅडमिन म्हणजे मावशीचाच मुलगा, मर्लीनचा मावसभाऊ. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. गेलेल्या माणसाचं नाव इथे, या आदिवासी वस्तीत, कुणी घेत नाही, लिहीतही नाही. खातं बदलायच्या फॉर्मवर ते लिहावं लागलं असतं, म्हणून फॉर्म तसाच खणात पडून होता. त्यात काही चुकतंय असं दवाखान्यात कुणालाच वाटलं नव्हतं.

तिने शहरातल्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. मोबाईलला रेंज नसते. फोन भिंतीवरचा, वायर जेमतेम हातभर.

"इथून देतो की परवानगी, त्यात काय!" पलीकडचा ग्लेन म्हणाला. "खातं कुणाच्या नावावर आहे तेवढं सांगा. तोंडीच लागतं, नियम आहे."

"दवाखान्याचा नंबर देते ना."

"नंबर नको, नाव. विसरलात की काय, बाई?"

मर्लीनने पडद्यावरच्या चिकटपट्टीकडे पाहिलं, मग खाटेकडे. इकडे आड, तिकडे विहीर.

"नको सांगूस," खाटेवरून मावशी म्हणाली. तिचे ओठ निळे पडायला लागले होते. "मी थांबते गं."

मर्लीनला रडू फुटलं. तिने भिंतीकडे तोंड केलं, फोनभोवती हाताचा आडोसा धरला आणि ते नाव पुटपुटलं.

"ऐकू नाही आलं. जरा मोठ्याने!"

तिने मोठ्याने सांगितलं.

पाच मिनिटांत अपडेट बसलं, कार्डिओग्राम गेला. पाठोपाठ डॉक्टरीणबाईंचा फोन आला, विमान निघतंय म्हणून. मर्लीन धावत खाटेशी गेली.

"येतायत, मावशी! उजेड आहे तोवर पोचतायत."

मावशीने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती दाराकडे बघत होती.

"हाक मारलीस त्याला," ती म्हणाली. "आता परत जायला तूच सांग."