बदलून आण

भिमाबाईंनी वांगं उजेडात धरलं, देठ खुडून पाहिला आणि परत पिशवीत टाकलं.

"किडकं हाय."

"कुठाय कीड?" सुमेधाने विचारलं. तिने अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

"आत असंल. जा, बदलून आण."

सुमेधाने ऐरोलीच्या ऑफिसात सहा दिवस लोकांचे तक्रारीचे फोन घ्यायचे, आणि सुटीच्या सातव्या दिवशी सासूची तक्रार घेऊन बाजारात जायचं. घणसोली गावातली त्यांची भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. रविवारचा शेतकरी बाजार भरायचा पार पलीकडच्या सेक्टरातल्या मैदानात. पिशवी उचलून ती पुन्हा जिना उतरली.

सुमेधाच्या नवऱ्याला, आकाशला, जाऊन चार वर्षं झाली होती. लेक गेल्यावर भिमाबाई खचल्या नाहीत, खवळल्या, असं शेजारणी म्हणायच्या. माहेरच्यांनी सुमेधाला परत बोलावलं होतं. पण म्हातारीला एकटीला कसं टाकायचं, म्हणून ती राहिली. त्याचं फळ म्हणजे हे वांगं.

हा बाजार सुरू झाला त्या पहिल्या रविवारी दोघी मिळून गेल्या होत्या. पाटीवरचं नाव वाचून भिमाबाई एका शेतकऱ्यापाशी थांबल्या. खालापूरकडचा सुगत, चाळिशीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. त्याच्याच एका क्रेटवर बसून त्यांनी चौकशी मांडली. गाव कुठलं, विहिरीला पाणी किती टिकतं, घरात कोण कोण, भाकऱ्या कोण थापतं. सुमेधा लिंबं आणि कोथिंबीर घेऊन अर्धा तास उन्हात ताटकळत होती. तिला लांबून त्याचं "मीच" एवढंच ऐकू आलं.

"भाजी ह्याच्याकडनंच घ्यायची," घरी येताना भिमाबाईंनी फर्मान काढलं.

पुढच्याच रविवारपासून त्यांचा गुडघा धरला आणि सुगतच्या भाजीत खोट निघायला लागली. दोडका जून. भेंडी बुळबुळीत. चवळईला मातीचा वास. एकदा तर पडवळ वाकडं निघालं.

"पडवळ वाकडंच असतं, आई."

"येवढं नसतं."

"मग दुसऱ्याकडून आणते ना."

"दुसरे कुठनं कुठनं आणून विकतात. ह्याची निदान शेतातली तरी हाय. जा, बदलून आण."

सुमेधा मैदानात पोचली तेव्हा सुगतच्या टेबलापुढे चार-पाच गिऱ्हाइकं होती. तिला पाहून त्याने वजनकाटा बाजूला सरकवला.

"आज काय?"

"वांगी. किडकी आहेत म्हणे."

त्याने एक वांगं सुरीने चिरलं. आत पांढरंशुभ्र. दुसरं चिरलं, तेही तसंच. दोघं त्या फोडींकडे बघत उभे राहिले.

मागची बाई दुसरीला म्हणाली, "दर संडेला येते ही. रिटर्नवाली."

सुमेधाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सुगत त्या बाईला म्हणाला, "थांबा जरा ताई, ह्यांचं होऊ दे." मग तो एकेक वांगं हाताने निवडत तिच्या पिशवीत टाकू लागला.

"मला लाज वाटते हो," ती म्हणाली. "तुमच्या भाजीत काही दोष नसतो."

"माहिताय मला."

"मग बदलून का देता?"

त्याने पिशवीत आणखी एक वांगं टाकलं. "म्हातारं माणूस आहे," तो म्हणाला. "त्यांचं समाधान होत असेल तर होऊ दे. ऊन आहे, जरा सावलीत थांबून जा."

ती थांबली नाही.

घरी भिमाबाईंनी नवी वांगी ताटात ओतली. चष्मा न लावताच म्हणाल्या, "ही पन तसलीच."

सुमेधाने ताट ओढून आपल्यापुढे घेतलं. तिचा आवाज चढला नाही.

"मी आता जाणार नाही, आई. सहा रविवार झाले. त्या माणसासमोर मान वर करता येत नाही मला. लोक हसतात. तुम्हाला मी या घरात नको असेन तर सरळ सांगा, मी जाते माहेरी. वांग्यांवर राग काढू नका."

भिमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीचा आधार घेऊन उठल्या आणि पायात चपला सरकवल्या.

"चल. मीच बोलते त्याच्याशी."

"आई, नका. भांडण नको."

"चल म्हनते ना."

एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या तीन मजले उतरल्या. रिक्षात सुमेधा त्यांच्या शेजारी बसून मनातल्या मनात सुगतची माफी मागत होती. या रविवारनंतर त्याच्यापुढे पुन्हा उभं राहायची हिंमत आपल्याला होणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

बाजार उठत आला होता. सुगत टेम्पोत क्रेट चढवत होता. दोघींना येताना पाहून त्याने हातातला क्रेट खाली ठेवला आणि शर्टाला हात पुसले.

"आजी, वांगी बदलून देतो. तुम्ही कशाला त्रास—"

"वांग्यांना काय धाड भरलीय?" भिमाबाईंना दम लागला होता. त्यांनी सुमेधाचा दंड धरून तिला पुढे केलं. "सहा रविवार ह्या पोरीला पाठवतेय मी तुझ्याकडं. अजून हिचं नाव तरी विचारलंस का रे?"