शेपूट बाहेर

टेपांचं तळघर सांभाळणाऱ्या आक्काने कागद हातात घेतला आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचला. तीनशे एक्केचाळीस टेपा खराब निघाल्या आहेत, त्या नष्ट करायला हरकत नाही. खाली सहीसाठी रेघ होती. बाहेर ट्रक येऊन उभा होता.

रेकॉर्ड कंपनी तिसऱ्यांदा विकली गेली होती. नव्या मालकांच्या मॅडम सकाळपासून यादी घेऊन तळघरात हिंडत होत्या. प्रत्येक खोक्यावर आधीच्या तीन मालकांच्या चिठ्ठ्या एकीवर एक चिकटवलेल्या होत्या. एवढ्या मालकांनी तुम्हाला भंडावून सोडलं असेल, असं मॅडम सहज म्हणाल्या.

आक्काला ते पटलं नाही. ती अंगठा उठवणारी पोर होती तेव्हा पहिल्या मालकाने तिला कामावर घेतलं. दुसऱ्याचा बिस्किटांचा कारखाना. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण खोक्यांवरची नावं वाचता यावीत म्हणून त्याने तिला शिकायला धाडलं आणि तळघराची किल्ली दिली. तिसरी मालकीण बँक, तिचं तर कुणी इकडे फिरकलंही नाही.

"पण गारव्याचं मशीन एकानेही बंद केलं नाही, मॅडम. उपकारच म्हणायचे. नाहीतर टेपांना कधीच बुरशी चढली असती."

मग या खराब कशा झाल्या, हे तिला कळेना. सही करायच्या आधी एक ऐकू द्या म्हणाली. टेपा तपासणाऱ्या तंत्रज्ञाने खोकं उघडलं, टेप मशीनवर चढवली. नरड्यात पाणी अडकल्यासारखा आवाज आला. सगळ्या अशाच आहेत, दहा-दहा सेकंद ऐकून पाहिल्या, असं तो म्हणाला.

आक्का वाकून चाकाकडे बघत राहिली. मग तिला हसू आवरेना.

"अरे राजा, तू गाणं शेवटाकडून ऐकतोयस."

या कंपनीत वाजवून झालेली टेप मागे घ्यायची रीत नव्हती. शेवट बाहेर ठेवून ती तशीच खोक्यात जायची. शेपूट बाहेर, असं म्हणायचे. घट्ट गुंडाळलेल्या टेपेत एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. शेपूट बाहेर असेल तर तो पुसट आवाज सुराच्या मागून येतो आणि सुरात मिसळून जातो. पुढून आला, तर गाणारी तोंड उघडायच्या आधीच गायला लागते. हे सगळ्यांना इतकं ठाऊक होतं, की खोक्यावर लिहायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तंत्रज्ञाने टेप पूर्ण मागे घेतली आणि पुन्हा लावली. बाईचा आवाज, स्वच्छ, जणू शेजारच्या खोलीत बसून गातेय. त्याचे कान लाल झाले.

मॅडम जिना चढून वर गेल्या. थोड्या वेळाने ट्रक सुरू झाल्याचा आणि दूर गेल्याचा आवाज आला. खाली येऊन त्यांनी आक्काच्या हातातला कागद काढून घेतला, त्याची चौघडी केली आणि पर्समध्ये टाकली. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण आक्काने हातानेच थांबा म्हटलं. गाणं चालू होतं.

गाणं संपलं. तंत्रज्ञाने यावेळी बटणाला हात लावायची घाई केली नाही. टेपेवर एक दमलेला श्वास ऐकू आला. मग गाणारी बाई कुणाशी तरी बोलली.

"झालं ना मनासारखं? मग त्या पोरीला आता बसायला सांगा. दाराची कडी लागत नाही म्हणून सकाळपासून बाहेरून दार धरून उभी आहे बिचारी. मी सात वेळा गायले, ती सात वेळा उभी राहिली. आभार मानायचे तर आधी तिचे माना."

एवढंच. मग नुसती खरखर.

मॅडमनी विचारलं, कोण होती ती पोरगी?

आक्का मशीनकडेच बघत होती.

"दार जाड होतं," ती म्हणाली. "बाहेर काही ऐकू यायचं नाही."

तंत्रज्ञ उठला आणि त्याने आपली खुर्ची तिच्यामागे सरकवली.